दानाचें चौथें अंग

१

इतिहास-संशोधनाच्या संस्थांचीं जुनीं इतिवृत्तें चाळलीं असतां त्यांत दिवंगत दात्यांविषयींचे लेख हटकून आढळतात. असे लेख वाचण्याची आम्हांस पूर्वीपासून आवड आहे; कारण धनिकाच्या मागें काय उरलें याचा तो एक लहानसा ताळेबंदच असतो. परंतु असे पुष्कळ लेख एकापुढें एक ठेवून वाचले म्हणजे एक उणीव डोळ्यांत भरते. दात्यानें काय दिलें, कोणास दिलें, कोणत्या सालीं व कोठें दिलें, किती निष्ठेनें दिलें, हें सर्व त्यांत सविस्तर येतें. जें दिलें तें मुळांत दात्याच्या हातीं कसें आलें, याविषयीं मात्र एकच शब्द खर्चीं पडतो. तो शब्द 'स्वकष्टार्जित' तरी असतो, नाहीं तर 'वडिलोपार्जित' तरी असतो.

या दोन शब्दांच्या आड काय झांकलें जातें, हें आपल्याच धर्मशास्त्राच्या कसोटीवर घांसून पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कसोटी परकी घेतली तर ती लादल्याचा आक्षेप येईल. म्हणून ज्या ग्रंथाच्या नांवावर आपल्याकडे शतकानुशतकें दानें झालीं, तो हेमाद्रीचा दानखंडच आम्ही पुढें ठेवतों. व त्या ग्रंथासही ती कसोटी कितपत साधली आहे, हें वाचकांनीं आमच्याबरोबर पाहावें अशी विनंति करतों.

२

देवगिरीच्या यादवांपैकीं महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) व त्याच्यामागून रामचंद्र यांच्या पदरीं हेमाद्रि हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य अधिकारी, होता. देवळांच्या बांधणीमुळें व मोडी लिपीच्या दंतकथेमुळें त्याचें नांव महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' मात्र फारच थोड्यांनीं उघडून पाहिला असेल. त्यांतील दानखंड कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत १८७३ सालीं छापून निघाला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) दानप्रकरणाचा जो परामर्श घेतला आहे, तो वाचल्यावर हेमाद्रीचें या विषयांतील स्थान सहज कळून येतें.

दानाचीं अंगें किती, या प्रश्नास निबंधकार देवलाच्या वचनाच्या आधारें उत्तर देतात. अंगें सहा : दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्मयुक्त देय, देश आणि काल. यांतील चौथें अंग, धर्मयुक्त देय, हाच आमचा विषय. देय कशास म्हणावें हेंही देवलानें मोघम ठेवलेलें नाहीं. त्याच्या वचनाचा आशय असा कीं, दुसऱ्यास बाधा न करतां व स्वतःच्या प्रयत्नानें जें मिळविलें तेंच देय. मग तें थोडें असो वा पुष्कळ.

आतां वरचे दोन शब्द या वचनाशेजारीं ठेवून पाहा. 'स्वकष्टार्जित' हा शब्द देवलाच्या दोन अटींपैकीं फक्त दुसरी सांगतो. पहिली, म्हणजे दुसऱ्यास बाधा न करण्याची अट, तो मुकाट्यानें गाळतो. कष्ट तर दरोडेखोरासही पडतात. 'वडिलोपार्जित' या शब्दानें तर दोहोंपैकीं एकही अट सांगितली जात नाहीं. सारांश, आपले दातृलेख सहांपैकीं पांच अंगें भरून काढतात व चौथ्या अंगाची जागा कोरी सोडतात.

३

हा दोष केवळ आजच्या लेखकांचा असता तर चार शब्दांत आटोपतां आला असता. पण खुद्द निबंधग्रंथांतही प्रमाण असेंच बिघडलेलें आहे. दानखंडांत तुलापुरुषादि सोळा महादानांचा विधि किती विस्तारानें आला आहे, हें तो ग्रंथ हाताळणारांस ठाऊक आहेच. मंडप केवढा, कुंडें किती, ऋत्विज कोण, तराजूचा दंड कोणत्या लांकडाचा, राजानें पारड्यांत केव्हां बसावें, यांतील कांहींही सुटलेलें नाहीं. पण दुसऱ्या पारड्यांत जें सोनें पडावयाचें, तें कोणाकडून व कसें आलें, याची चौकशी मंडपाच्या दाराशींच थांबते. चौथें अंग व्याख्येंत आहे. विधींत त्याला जागा नाहीं. विधि पाहण्यासाठीं आचार्य नेमला, पण देय पाहण्यासाठीं कोणीच नेमला नाहीं. हेमाद्रि स्वतः राज्याच्या दफ्तराचा मुख्य होता. राजाचें सोनें कोठून येतें हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? म्हणून हें मौन आम्हांस अधिकच बोचतें.

धनाच्या उगमाविषयीं अधिक स्पष्ट विचार नारदस्मृतींत आहे. तेथें धनाचे शुक्ल, शबल व कृष्ण असे तीन वर्ण करून प्रत्येकाचे सात प्रकार दिले आहेत. विद्या, शौर्य, तप इत्यादिकांनीं मिळालेलें तें शुक्ल; व्याजबट्टा, शेती, व्यापार, कारागिरी, सेवा इत्यादिकांचें तें शबल; लांच, जुगार, चोरी, बनावट माल, कपट व दुसऱ्यास पीडा देऊन मिळविलेलें तें कृष्ण. जसें धन तसेंच त्याचें फळ, असाही निर्वाळा तेथें दिलेला आहे. ही विभागणी मोठ्या मार्मिक बुद्धीची आहे. व्यापार व सावकारी यांस सरसकट काळें न म्हणतां कबरें म्हणणें, यांत व्यवहाराचें खरें ज्ञान आहे.

तरीपण या यादींतील दोन नोंदींवर आमचा आक्षेप आहे. पहिली नोंद शौर्याची. लढाईंत मिळालेलें धन शुक्ल ठरलें, म्हणजे लुटलेल्या गांवाचा आक्रोश हिशेबाबाहेर गेला. दुसरी नोंद अन्वयाची, म्हणजे वंशपरंपरेनें आलेल्या धनाची. तेंही शुक्लांतच! बापाच्या हातीं जें कृष्ण होतें तें मुलाच्या हातीं पडतांच उजळलें, असा याचा सरळ अर्थ होतो. धनिकांच्या वारशाचा जो नैतिक प्रश्न आहे तो नेमका येथें आहे; आणि येथेंच शास्त्रानें डोळे मिटले आहेत. पुढील दोन उदाहरणें या दोन नोंदींचीं आहेत.

४

शौर्याच्या धनाचें आपणांस जवळचें उदाहरण म्हणजे श्रावणमासांतील दक्षिणा. तिचा आरंभ सेनापति दाभाड्यांनीं तळेगांवास केला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर ती परंपरा बाजीरावानें पुण्यास आणली, व पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या ब्राह्मणांस लाखांच्या रकमा वांटल्या जाऊं लागल्या. या दक्षिणेमुळें शास्त्राध्ययनास आधार मिळाला, पंडितांच्या परीक्षा झाल्या, पोथ्यांच्या नकला झाल्या. आपण ज्या पोथ्या आज जिवापलीकडे जपतों त्यांपैकीं कित्येकांचें आयुष्य या पैशावर उभें आहे, हें आम्ही कृतज्ञतेनें नमूद करतों.

पण त्याच पैशाचा उगम विचारला तर उत्तर सरदेशमुखी, चौथाई, मुलुखगिरी व रयतेचा वसूल असें येतें. ज्यांच्या शेतांतून हा पैसा आला त्यांच्या मुलांस रमण्याच्या दारांतून आंत जाण्याचा अधिकार नव्हता. हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत जोतीराव फुल्यांनीं निःसंकोचपणें विचारला. त्यांच्या भाषेचा कडवटपणा पुष्कळांस सोसला नाहीं; पण देवलाच्या वचनांतील 'बाधा' या शब्दाचाच तो मराठी उच्चार होता, असें आम्हांस वाटतें.

पेशवाईच्या अस्तानंतर या धनाचें काय झालें हेंही बोधप्रद आहे. एल्फिन्स्टननें दक्षिणा कमी केली, पण बंद केली नाहीं; तींतूनच १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति मंडळींनीं अर्ज केला कीं, या निधीचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. पुण्यांत त्यावरून मोठा गहजब उडाला. परंतु अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली व मराठी ग्रंथकारांस पारितोषिकें मिळूं लागलीं. त्याच निधींतून पुढें दक्षिणा फेलो नेमले गेले. न्यायमूर्ति रानडे त्यांपैकीं एक. येथें आम्हांस एक तत्त्व दिसतें. वारशाचा उगम बदलतां येत नाहीं, पण पात्र बदलतां येतें. ज्यांच्याकडून धन आलें त्यांच्याकडे तें थोडें तरी परत वळवितां येतें. मराठी ग्रंथ हें असें वळण होतें. अर्धवट, पण खरें.

५

अन्वयाच्या धनाचें उदाहरण मुंबईचें आहे, आणि त्याचा पोथ्यांशीं संबंध आहे. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३ ते १८५९) हे लहानपणीं पोरके झालेले, स्वतःच्या हिंमतीवर पुढें आलेले गृहस्थ. त्यांचे दानधर्म इतके मोठे कीं, मुंबईच्या रुग्णालयास व कलाशाळेस त्यांचें नांव आहे, आणि माहीमचा पूल त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीनें झाला. 'स्वकष्टार्जित' हा शब्द त्यांच्याइतका क्वचितच कोणास शोभेल. पण त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग कापसाबरोबरच चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारांतून आला, हें इतिहासास सुपरिचित आहे. १८३९ सालीं चीनचा राजप्रतिनिधि लिन् यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. त्यावरून युद्ध झालें. १८४२ सालीं नान्किंगच्या तहानें चीन नमला. त्याच १८४२ सालीं जमशेटजींस 'सर' हा किताब मिळाला. हीं दोन सालें शेजारींशेजारीं ठेवण्यापलीकडे आम्ही कांहीं म्हणत नाहीं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजाची येरवड्याची इमारत १८६८ सालीं वापरांत आली. तिच्यासाठीं जीजीभाई घराण्याची जी मोठी देणगी मिळाली, ती पहिल्या बॅरोनेटच्या मृत्यूनंतरची आहे. नारदाच्या यादीप्रमाणें हें धन आतां अन्वयागत, म्हणून शुक्ल. त्याच १८६८ च्या सुमारास मुंबई सरकारनें हस्तलिखितांचा शोध सुरू केला. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांनीं जमविलेल्या हजारों पोथ्या १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या-संशोधन मंदिरांत येण्यापूर्वीं डेक्कन कॉलेजांतच होत्या. वेदाच्या, काव्याच्या, धर्मशास्त्राच्या पोथ्यांवर जें छप्पर होतें, त्याच्या खर्चांत कँटनच्या धूम्रगृहांतून आलेला रुपया होता. दानखंडासारख्या ग्रंथांच्या पोथ्याही त्या छपराखालीं राहिल्या. ग्रंथांत लिहिलें होतें कीं देय धर्मयुक्त असावें. ग्रंथ ठेवणारास तें विचारण्याचें कारण पडलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आजच्या नीतीनें कालच्या माणसास मोजूं नये. हा आक्षेप सामान्यतः योग्य आहे; पण येथें लागू पडत नाहीं. अफूच्या युद्धाचा धिक्कार १८४० सालीं खुद्द ब्रिटिश पार्लमेंटांत ग्लॅडस्टननें केला होता. आणि त्याहून जवळचा दाखला पारशी समाजांतलाच आहे. दादाभाई नौरोजी १८५५ सालीं लंडनला गेले ते कामा यांच्या पेढीचे भागीदार म्हणून. पण अफू व मद्य यांच्या नफ्याचा वांटा घेणें त्यांच्या मनास पटेना, म्हणून त्यांनीं ती भागीदारी सोडली. म्हणजे त्या काळीं, त्याच समाजांत, चौथें अंग ओळखणारा व त्यासाठीं पैसा सोडणारा मनुष्य होता. दानाची रक्कम दोघांची ताडून पाहिली तर दादाभाई फार लहान ठरतील. षडंग दानाच्या हिशेबांत ते ठरतील काय?

६

मग असें दान नाकारावें काय? रुग्णालय पाडावें, पाठशाळेस कुलूप लावावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. रोगी बरा झाला तो खोटा बरा झाला नाहीं. धर्मशास्त्रानें दात्याइतकाच प्रतिग्रहीत्याचाही विचार केला असून, कोणाचें घ्यावें व कोणाचें घेऊं नये याविषयीं त्यास सावध केलें आहे. आपल्या संस्था आज प्रतिग्रहीत्या आहेत. घेण्यापूर्वीं विचारणें व घेतल्यावर लिहून ठेवणें हीं दोन्ही कामें त्यांचीं आहेत. दात्यास तीं अपमानाचीं वाटण्याचें कारण नाहीं. कारण ज्याचें धन निर्मळ आहे त्याला याच नोंदीनें खरी कीर्ति मिळेल.

अशा निर्मळपणाचें उदाहरण आपल्याकडे आहे. अहिल्याबाई होळकरांचीं देवळें, घाट व धर्मशाळा सर्वांस माहीत आहेत. पण त्यांच्या दानाचा खर्च दौलतीवर न टाकतां खासगीच्या उत्पन्नांतून चाले, हें त्यांच्या घाटांच्या लांबीरुंदीपेक्षां आम्हांस मोठें वाटतें. माल्कमनें आपल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतांत खरगोणच्या दोन श्रीमंत निपुत्रिक विधवांची हकीगत दिली आहे. त्यांनीं आपली सारी संपत्ति अहिल्याबाईंपुढें ठेवली असतां बाईंनीं ती घेतली नाहीं. लोकोपयोगी कामें करून ती तुम्हीच खर्च करा, असें त्यांस सांगितलें. सरकारजमा करण्यास त्या काळीं कोणी हरकत घेतली नसती. घेतां येण्यासारखें असून न घेणें, हेंही चौथ्या अंगाचेंच रक्षण आहे. अहिल्याबाईंच्या चरित्रांत घाटांच्या याद्या पानेंच्या पानें असतात व ही गोष्ट चार ओळींत आटोपते, यावरूनही आपल्या चरित्रकारांची दृष्टि कोठें खिळली आहे तें कळतें.

आजची स्थिति याहून वेगळी नाहीं. कंपन्यांच्या २०१३ च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याच्या दोन टक्क्यांइतकी रक्कम समाजकार्यास लावणें भाग पडलें, हें चांगलेंच झालें. पण त्या अहवालांतही काय दिलें याचे रकाने आहेत. नफा मिळवितांना कोणास बाधा झाली, याचा रकाना त्यांत नाहीं. हेमाद्रीच्या मंडपापासून येथपर्यंत आचार्य बदलले, विधि बदलला. कोरी जागा तीच राहिली.

७

आतां जें दुसऱ्यांस सांगितलें तें स्वतःस लागू करणें आलें. आमच्या घरीं आजोबांपासून आलेला पोथ्यांचा एक लहानसा बस्ता आहे. त्यांत नीलकंठभट्टाच्या दानमयूखाची एक सुवाच्य पोथी होती. आमच्या तरुणपणीं तिच्यावरूनच आम्हीं दानाचीं सहा अंगें प्रथम वाचलीं. पुढें तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना दानाची स्तुति करणारीं सुभाषितें मुलांकडून घोकून घेतलीं. देवलाचें वचन मात्र एकदांही फळ्यावर लिहिलें नाहीं. निवृत्तीनंतर बस्ता नीट लावतांना त्या पोथीच्या मागील फळीला चिकटलेली मोडी चिठ्ठी सांपडली. शके १८४० च्या कार्तिकांतली, म्हणजे १९१८ सालच्या तापाच्या सांथींतली. शेजारच्या गांवच्या एका वैदिकानें सात रुपयांस ही पोथी आमच्या आजोबांकडे गहाण ठेवली होती. सोडवून नेल्याची नोंद नाहीं.

आजोबा दुष्ट नव्हते. गांवांत तेव्हां घरोघरीं माणसें मरत होतीं, आणि पैसे देणारे तेच एक होते. पण पोथी आमच्या घरीं राहिली, व तिसऱ्या पिढीला ती 'वडिलोपार्जित' म्हणून मिळाली. नारदाच्या हिशेबानें शुक्ल! त्या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं खरा कळला.

शोध करतां त्या वैदिकांचे पणतू दुसऱ्या जिल्ह्यांत नोकरीस असल्याचें समजलें. पोथी घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं ती उघडली, पणजोबांचें नांव बोटानें दाखवून मुलीस वाचावयास सांगितलें, आणि मग म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे हिला वाचणारें कोणी नाहीं. पण ती आमची होती एवढें कुठें तरी लिहून ठेवा." त्यांच्या संमतीनें ती पोथी आम्हीं एका संग्रहालयास दिली. दात्याच्या रकान्यांत आमचें नांव न घालतां त्या वैदिकांचें घालावें, व गहाणाची चिठ्ठी पोथीबरोबरच बांधून ठेवावी, अशी विनंति केली. ती मान्य झाली.

यावरून संग्राहकांस आमची सूचना एवढीच आहे. आपल्या संग्रहाच्या यादींत पोथीचें नांव, कर्ता, पत्रसंख्या, लेखनकाल यांपुढें आणखी एक रकाना असावा : ही आपल्याकडे कशी आली. रद्दीच्या दुकानांतून, दुष्काळांत विकलेल्या घरांतून, कर्जापोटीं, कीं खुषीनें. संस्थांनींही देणगी घेतांना, मग ती रुपयांची असो वा रुमालांची, हाच रकाना भरून घ्यावा. आणि सावकारी दफ्तर कोणी भेट दिलें तर त्यांतील खतें व हुकूमनामे वगळून उरलेलेंच दफ्तर स्वीकारूं नये. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकून जाळलीं, याचें आपण संशोधक हळहळून वर्णन करतों. जीं जळलीं नाहींत तीं तरी पुढें आलीं पाहिजेत. दात्याच्या नांवाच्या पाटीखालीं हा रकाना कोरा राहिला, तर हेमाद्रीपासून चालत आलेली चूक आपणही पुढच्या पिढीस वारसा म्हणून देऊं. आणि ती पिढी तिला शुक्ल समजेल.